जड वाजणारा पंप

२०४१ सालची गोष्ट. त्या साली इचलकरंजीतले शेवटचे धोट्याचे माग भंगारात गेले, आणि त्याच साली जानेवारीत धोंडीराम कांबुरेच्या कमरेला पंप लागला. पहिल्या बातमीचा पेपरात फोटो आला होता. दुसरी बातमी गल्लीतल्या चार घरांपलीकडे कुणाला कळली नाही.

आता त्या गावात बंद काचांच्या आत हवेच्या झोतावर माग चालतात. रस्त्यावर उभं राहिलं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. पण शालन कांबुरे नवी नवरी होऊन आली तेव्हा, १९९८ साली, सगळी गल्ली रात्रंदिवस खडखडत असे. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरे, ताटातली आमटी थरथरे. माहेरी गेली की पहिले दोन दिवस शांततेमुळे तिला झोप लागत नसे. कारखान्यात तर बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत, आणि वीस फुटांवरून एकमेकांचं बोलणं वाचत. चेष्टामस्करी, भांडणं, लग्नाची बोलणी, सगळं असं मुक्यानेच चाले.

धोंडीराम तिथे जॉबर होता, म्हणजे माग लावणारा, बिघडलेल्या मागाचं दुखणं ओळखणारा. मागाच्या लोखंडी चौकटीवर नुसता तळवा टेकला की कुठला बोल्ट ढिला आहे ते त्याला कळे. शालन शेजारच्या पत्र्याच्या खोलीत कांडी मशीनवर बसे. धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं तिचं काम. सोळा चात्या एकदम फिरत आणि एखादीवरचं सूत तुटलं की मान वर न करता तिचा हात नेमका त्या चातीवर जाई. सूत तुटल्यावर चाती हलकी वाजते, एवढंच ती सांगे. किती हलकी, ते तिलाही सांगता येत नसे.

मागांनी धोंडीरामचे कान खाल्ले. पन्नाशीतच त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. शालनचे मात्र शाबूत राहिले. शेजारच्या घरात दूध उतू जायला लागलं तर ती आपल्या ओट्यापासून हाक मारी.

दुखणं पान्यापासून सुरू झालं. २०३९च्या दिवाळीत सायकलचा नट आवळताना धोंडीरामच्या हातून पाना तीनदा पडला. मग शर्टाची बटणं लागेनात, मग पाऊल घासायला लागलं. वर्षभर कुणी मानेचा मणका म्हटलं, कुणी जीवनसत्त्व म्हटलं. शेवटी कोल्हापूरच्या एका संशोधन रुग्णालयात डॉक्टर निवेदिता घोरपडे यांनी त्याला तपासलं आणि दोघांना समोर बसवून खरं काय ते सांगितलं.

आपण बोट हलवायचं ठरवलं की निरोप मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातल्या एका पेशीकडे येतो आणि तिथून हातभर लांब तंतूवरून बोटाच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. हे निरोप नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, तो हा आजार. हात जातात, पाय जातात, गिळणं जातं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बुद्धी, आठवणी, स्पर्श यांना सहसा धक्का लागत नाही. ते काहीजण सुदैव मानतात, काहीजण शिक्षा.

आणि पेशी का मरतात? प्रत्येक पेशीच्या मध्यभागी जनुकांचा मोठा ग्रंथ असतो. पेशीला जे बनवायचं असेल त्याची नक्कल त्या ग्रंथावरून उतरवली जाते. एक प्रथिन तिथे बसून नकला तपासतं, भलता मजकूर मध्ये शिरू देत नाही. या आजारात ते प्रथिन आपली जागा सोडून बाहेर येतं आणि बाहेर गुठळ्या होऊन पडतं. आत चुकीच्या नकला निघत राहतात, हव्या त्या वस्तू तयार होत नाहीत, आणि पेशी हळूहळू कोलमडते. नव्या औषधाने त्या पळालेल्या प्रथिनाला परत आणायचा नाद सोडला होता. भलता मजकूर जिथे शिरतो, नेमकी ती जागा झाकून टाकणारे अतिसूक्ष्म तुकडे शास्त्रज्ञांनी बनवले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या थेंबांत भरून ते तुकडे पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडायचे. तेही एकदम नाही, तर कमरेच्या छोट्या पंपातून, रात्रंदिवस, कणाकणाने.

"पण औषध लागू पडतं का, हेच अजून माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून ही चाचणी. कोल्हापुरात चोवीसजण. बारा जणांच्या पंपात औषध, बारा जणांच्या पंपात नुसतं मिठाचं पाणी, दुधाळ दिसेल असं केलेलं. रंग सारखा, वजन सारखं. कुणाला काय मिळतंय ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. यादी पुण्याच्या एका कचेरीत बंद आहे. वर्षाने उघडेल. औषध चांगलं निघालं तर मग सगळ्यांनाच मिळेल."

"आन् वरीसभर पाणीच मिळालं तर?" शालनने विचारलं.

"तर वर्षभर पाणीच मिळेल, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी शब्द गुळगुळीत केला नाही, हे धोंडीरामला आवडलं. त्याने सही केली. बोटं वळत नव्हती म्हणून सहीला बराच वेळ लागला. ती त्याच्या हातची शेवटची सही.

दर गुरुवारी विजेच्या एसटीने दोघं कोल्हापूरला जात. एका लांब खोलीत त्या दिवसाचे आठजण खुर्च्यांवर बसत. रुबीना सिस्टर प्रत्येकाचा पंप काढून ट्रेमध्ये ठेवी, तो आतल्या फार्मसीतून भरून येई आणि परत ज्याचा त्याला लागे. पंप सगळे एकसारखे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. प्रत्येकाची एक कापडी पिशवी होती आणि नंबर त्या पिशवीवर होता. पंपावर काही नव्हतं.

धोंडीरामच्या शेजारची खुर्ची वसंतराव इंगवल्यांची. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, जिभेला तिखट. सून त्यांना सोडून आपल्या ऑफिसला जाई, म्हणून बोलायला त्यांना कांबुऱ्यांशिवाय कोणी नव्हतं.

"काय जॉबर, काय म्हणतंय तुमचं यंत्र?" ते दर गुरुवारी विचारत. "माझं सांगतो. निव्वळ पाणी आहे. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. पाणी कुठे मिसळलंय ते मला लांबून कळतं."

धोंडीराम हसे. त्याचा आवाज मार्चपासून बसत चालला होता. रुग्णालयाने त्याला डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं बोलकं यंत्र दिलं होतं. ते त्याच्याच आवाजात बोले, कारण जुन्या फोनमध्ये त्याचं थोडंफार बोलणं साठलेलं होतं. पण त्यातलं निम्मं बोलणं मागाच्या सुट्या भागांच्या दुकानदाराशी केलेलं, त्यामुळे यंत्राने 'पाणी दे' म्हटलं तरी ते भांडल्यासारखं वाटे. घरी त्याची गरज पडत नसे. धोंडीराम ओठ हलवी, शालन वाचे. चाळीस वर्षांची सवय होती.

आणि आवाज शालनला पहिल्याच गुरुवारी ऐकू आला होता.

पंप अगदी बारीक कुणकुण करत. इतरांना तो आवाज येतच नसे. पण आठ पंप एका ट्रेमध्ये कुणकुणत असताना तिला दोन तऱ्हा ऐकू आल्या. काही पंप हलके वाजत, काही जड. तिने आधी त्याचा विचारही केला नाही. यंत्र म्हटलं की उन्नीसबीस असायचंच. मग एप्रिल गेला, मे गेला, आणि तिच्या लक्षात यायला लागलं. जड वाजणारी माणसं खुर्चीपर्यंत चालत येत होती. हलक्या वाजणाऱ्यांना खुर्चीसकट ढकलत आणावं लागत होतं.

इंगवल्यांचा पंप जड होता. जूनमध्ये एके गुरुवारी त्यांनी सगळ्यांदेखत आपल्या सदऱ्याचं वरचं बटण स्वतः लावलं, घाम पुसला आणि म्हणाले, "पाणी असूनसुद्धा! केवळ मनाची ताकद."

धोंडीरामचा पंप हलका होता.

शालनने ते पोटात ठेवलं. सांगणार कुणाला? आणि सांगून काय? जुलैत धोंडीरामचा डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. ऑगस्टमध्ये चहाच्या घोटाने त्याला ठसका लागला आणि तो इतका वेळ लागला की ती त्याच्या पाठीवर थापट्या मारत मारत रडायला लागली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, गिळणं जायला लागलं की पुढचं लवकर येतं.

पुढच्या गुरुवारी भरलेले पंप ट्रेमध्ये येऊन पडले होते. आतून फार्मसीतून हाक आली म्हणून रुबीना सिस्टर उठून गेली. इंगवले पेपरात तोंड खुपसून पालकमंत्र्यांना नावं ठेवत होते. शालनने ट्रेमध्ये हात घातला. तुटलेल्या सुताला गाठ मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दोन पंपांच्या पिशव्या बदलल्या.

घरी येईपर्यंत तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पण शुक्रवारी सकाळी धोंडीरामला आंघोळ घालून, अंग पुसून खुर्चीत बसवलं तेव्हा त्याच्या कमरेपाशी तिने कान नेला. जड वाजत होता. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याचे केस विंचरायच्या ऐवजी विस्कटूनच टाकले.

धोंडीरामचा उजवा हात अजून थोडा हलत होता. तो त्याने सरकवत सरकवत पंपावर नेला आणि तळवा टेकवला. बराच वेळ तसाच बसला. मग त्याने ओठ हलवले.

"हे कुणाचं?"

"काय कुणाचं?"

"ह्यो माझा पंप न्हाई. माझा हातात भुंग्यागत लागतोय. ह्यो बैलगाडीगत लागतोय. कुणाचा हाय?"

तिने कंगवा खाली ठेवला. चाळीस वर्षं ज्याने लोखंडाला हात लावून दुखणं ओळखलं, त्याच्या कमरेला भलतं यंत्र बांधून ते खपून जाईल असं तिला कसं वाटलं, कोण जाणे. तिने सगळं सांगितलं. जड काय, हलकं काय, इंगवल्यांचं बटण, ट्रे, पिशव्या.

"तुमाला पाणी घालालेत वो," ती म्हणाली. "सात म्हईनं झालं. आन् त्यो म्हातारा औषध घिऊन वर आमालाच शिकवतोय."

"परत दे."

"न्हाई द्यायची."

"शालन, प्लास्टिकचं पिकर आठवत्यात?"

तिला आठवत होतं. धोट्याला टोला मारणारे पिकर पूर्वी चामड्याचे असत. मालकाने नवे प्लास्टिकचे आणले तेव्हा धोंडीरामने ते एकदम सगळ्या मागांवर चढवले नाहीत. आठ मागांवर नवे, शेजारच्या आठ मागांवर जुने, सूत एकच. आणि विणकरांना कळू नये म्हणून सोळाही पिकरांना काळं ग्रीस फासलं. नवं आहे म्हटलं की विणकर चांगलंच म्हणणार किंवा वाईटच म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. पण एका विणकराने नखाने ग्रीस खरवडून बघितलं आणि आपला जुना पिकर काढून शेजारच्या मागाचा नवा बसवला. महिन्याने हिशेब जुळेना. मालकाने अंदाजाने शंभर मागांना प्लास्टिक चढवलं आणि दोन महिन्यांत सगळे पिकर तडकले.

"त्यो विणकर वाईट नव्हता," धोंडीरामचे ओठ सांगत होते. मध्येच थांबून तो दम घेई. "त्याला कापड चांगलं पायजे होतं. पर त्याच्यामुळं कुणालाच काय कळलं न्हाई."

शालन भडकली. "तुमी काय माग हाय व्हय? जुनं पिकर लावून बाजूला ठेवाय? तुमी माणूस हाय! माझा माणूस हाय!"

"माणूस हाय म्हणून तर मला इचारलं. सही घेतली. मागाला कोण इचारतंय?"

त्याने पुन्हा ओठ हलवले, आणि या वेळी ते वाचायला तिला जवळ जावं लागलं. "इंगवल्याच्या हाताला बटण लागाय लागलंय. ते काढून घेतलं तर मला आंगठा यील, आन् त्येचा जाईल. मग म्या त्येच्या शेजारी बसू कसा?"

"आन् हाकलून दिलं तर? चोरी केली म्हणून? मग वर्साच्या शेवटाला औषध निघालं तरी तुमाला मिळायचं न्हाई."

"मिळायचं न्हाई," धोंडीराम म्हणाला. त्यानेही शब्द गुळगुळीत केला नाही.

अकराच्या एसटीने ती दोघं पुन्हा कोल्हापूरला गेली.

डॉक्टर घोरपडे आधी चिडल्या. शालनने त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी रुबीना सिस्टरला बोलावलं, इंगवल्यांना गाडी पाठवली, पुण्याला फोन लावला आणि मग खुर्चीत बसून एकदम विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं? यादी तर माझ्याकडेही नाही."

"आवाजावरनं."

"कसला आवाज? त्याला आवाजच नाही."

"हाय की. जड हाय. ऐका."

डॉक्टरांनी पंप कानाला लावला. काही नाही. मग त्यांनी फोनमध्ये आवाजाचा आलेख काढणारं एक साधन उघडलं. इंगवले येऊन पोहोचले होते, त्यांचा पंपही शेजारी ठेवला. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक किंचित वर, एक किंचित खाली. दोन्हींतलं अंतर जेमतेम केसाएवढं.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "चरबीचे थेंब! औषध पाण्यापेक्षा तसूभर दाट आहे. मोटारीला तेवढा जोर जास्त लागतो. आम्ही रंग जुळवला, वजन जुळवलं, वास जुळवला. आवाज जुळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही..." आणि त्या मध्येच थांबल्या, फोन पालथा घातला. "आणि मी हे बघायला नको होतं! आता मलाही कळलं ना!"

हा त्यांचा घोळ त्यांना महागात पडला. डॉक्टरला कळलं की तपासणारा हात नकळत झुकतो. कुणाची पकड किती किलोची, हे मोजतानासुद्धा 'आणखी जोर लावा, आणखी' असं एकाला जास्त प्रेमाने म्हटलं जातं. त्या दिवसापासून त्यांनी या रुग्णांची ताकद मोजणं सोडलं. त्या कामाला सांगलीचे दुसरे डॉक्टर येऊ लागले, ज्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

इंगवले हे सगळं ऐकत उभे होते. शालन त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून उभी राहिली. "साहेब, तुमचा पंप म्या घेटला. एक दिस तुमाला पाणी गेलं. काय बोलायचं ते बोला."

"म्हणजे बाई, तुम्ही माझं औषध चोरलंत?"

"व्हय."

"माझं औषध."

"व्हय साहेब."

इंगवल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मला औषध होतं?" ते म्हणाले. "पाणी नव्हतं?"

"तसं काही आम्ही सांगू शकत नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या. पण इंगवले ऐकतच नव्हते. ते खुर्चीवर बसले. आपल्या सदऱ्याच्या बटणाकडे त्यांनी खाली मान घालून पाहिलं. मग धोंडीरामच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत असं कधी झालं नसावं.

पुढच्या गुरुवारी पुण्याहून दोन माणसं आली. त्यांनी चोवीसही पंप मागवले, पडद्यामागे एका टेबलावर मांडले आणि शालनला एकटीला आत बसवलं. एकेक पंप कानाशी धरायचा आणि उजवीकडच्या किंवा डावीकडच्या खोक्यात टाकायचा. तिला सात मिनिटं लागली. एका पंपाशी ती थोडी अडखळली. "ह्याची मोटार खराब व्हाय आल्या," ती म्हणाली, "पर हाय हलकाच." कुठला पंप कुठल्या खोक्यात पडला ते माणसांनी कागदावर लिहिलं, कागद पाकिटात घालून मोहर लावली आणि निघून गेली. ती बरोबर होती की चूक, हे कुणी सांगितलं नाही. महिनाभरात मात्र सगळ्या पंपांना आतून रबराचं अस्तर आलं, आणि नंबर पिशवीऐवजी पंपावर कोरला गेला.

निर्णयाला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे शालनने कसे काढले ते तिलाच ठाऊक. पत्र आलं तेव्हा ते तिने स्वतः वाचलं नाही, डॉक्टरांना वाचायला लावलं. धोंडीराम आणि इंगवले, दोघांनाही चाचणीत ठेवलं होतं. त्या एका दिवसाची नोंद वेगळी केली होती. चूक लपवली नाही आणि तिच्यामुळे मोठा दोष सापडला, म्हणून. शिक्षा एकच होती. वर्ष संपेपर्यंत सौ. शालन कांबुरे यांनी गुरुवारी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही.

"मग यांचं बोलणं कोण वाचणार?" तिने विचारलं. त्याचं उत्तर पत्रात नव्हतं.

उत्तर इंगवल्यांनी काढलं. पहिल्या गुरुवारी शालन बाहेर बाकावर बसली आणि आत ते धोंडीरामच्या समोर खुर्ची ओढून बसले. "हां जॉबर, बोला. हळू बोला. मी मंद विद्यार्थी आहे." पहिल्या दिवशी त्यांना काहीच कळलं नाही. धोंडीरामने पाणी मागितलं तर त्यांनी खिडकी उघडली. दिवाळीपर्यंत त्यांना साधे शब्द येऊ लागले. डिसेंबरात एकदा आतून इंगवल्यांच्या हसण्याचा एवढा मोठा आवाज आला की शालन बाकावरून उठून उभी राहिली. काय झालं ते दोघांनीही तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. कारखान्यातल्या पुरुषांच्या चेष्टेतलं काहीतरी असावं.

फेब्रुवारी २०४२ मध्ये पुण्याची यादी उघडली. शालनच्या दोन खोक्यांचा मोहरबंद कागद त्या यादीशी ताडून पाहिला. चोवीसच्या चोवीस बरोबर निघाले.

औषध बारांपैकी नऊजणांना लागू पडलं होतं. धोंडीरामला ते मार्चमध्ये मिळालं. गेलेलं काही परत आलं नाही. डावा हात नाही, पाय नाही, आवाज नाही. पण जे उरलं होतं ते थांबलं. उजवा अंगठा राहिला, गिळणं राहिलं, ओठ राहिले. वर्षभर आधी मिळालं असतं तर काय काय राहिलं असतं, हा हिशेब शालनने बऱ्याचदा केला आणि त्याच्यापुढे कधी काढला नाही. तो सहा वर्षं जगला. २०४८ साली न्यूमोनियाने गेला, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर.

वसंतराव इंगवले अंत्ययात्रेला काठी टेकत आले. ते नव्वदीपर्यंत टिकले आणि पंपाचा पट्टा कमरेला काचतो म्हणून दर तीन महिन्यांनी कंपनीला अर्ज करत राहिले. शेवटी कंपनीने पट्टा बदलला. रुबीना सिस्टर नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. ट्रे सोडून उठायचं नाही, हा तिचा पहिला धडा. डॉक्टर घोरपडे यांनी पुढे दुसऱ्या एका आजाराच्या चाचण्या हाती घेतल्या. यंत्र लहान असो की मोठं, ते त्या आधी एखाद्या सुताराला, शिंप्याला, गिरणीवाल्याला हाताळायला देत. त्यांचे सहकारी त्यावर हसत, पण कोणी त्यांना अडवलं नाही.

शालन अजून दर गुरुवारी कोल्हापूरला जाते. नव्या चाचणीत नवी माणसं येतात, आणि त्यांच्यापाशी बसायला कोणीतरी हवं असतं. तिची हकिगत तिथे सगळ्यांना माहीत असते. गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडच्या एका बाईने तिला जिन्यापाशी गाठलं, नवऱ्याचा पंप पदराखालून पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, एकडाव कान लावा. कुणाला सांगणार न्हाई मी."

शालनने कान लावला.

"सगळं सारखंच वाजत्यात गं बाई आता," ती म्हणाली. ते खरं होतं. पण सांगायच्या आधी ती बराच वेळ कान लावून बसली होती.